रात्री साडेबाराची दुरुस्ती

दर सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास माझ्या फोनवर नऊ संदेश येतात. कृष्णाकाठच्या गावांतल्या नऊ लहान वाचनालयांमधले संगणक ते पाठवतात. आपापली डिस्क त्यांनी आदल्या रात्री तपासलेली असते, तिचा हा निकाल. यांतल्या बहुतेक वाचनालयांत मी वर्षातून एकदा-दोनदाच जातो. बाकी सगळी देखभाल घरी बसून, दुरून. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते माहितीपुस्तिका वाचून आणि स्वतःच्या हातांनी बिघडवून.

त्यातला सगळ्यात मोठा बिघाड २०२१च्या पावसाळ्यातला. लागोपाठ पाच सोमवार एका वाचनालयातून 'ठीक' असा संदेश आला आणि त्या पाच आठवड्यांत तिथली एक डिस्क माझ्याच हुकमाने उद्ध्वस्त झाली. या लेखात मी जे सांगणार आहे ते त्या पाच 'ठीक'चा अर्थ शोधताना हाती लागलेलं आहे.

त्या डिस्कवर काय होतं ते आधी सांगायला हवं. गावातल्या एका कीर्तनकारांनी १९४७ ते १९७२ या काळात लिहिलेल्या रोजनिशा. पाऊस, जोंधळ्याचा भाव, कोणाकडे कोणतं आख्यान लावलं, बिदागी किती मिळाली, कोण वारलं. वाचनालयाच्या कार्यकारिणीतले एक निवृत्त शिक्षक – आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो – चार वर्षं खपून त्यांची पानं स्कॅन करत होते. सुमारे चोवीसशे पानं झाली. मूळ वह्या घरच्या मंडळींना परत केल्या आणि ऑगस्ट २०१९च्या महापुरात त्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं. त्यानंतर उरल्या त्या फक्त डिस्कवरच्या प्रतिमा.

आता डिस्क म्हणजे काय ते वाचनालयाच्याच भाषेत सांगतो. कपाटात पुस्तकं असतात आणि टेबलावर दाखल नोंदवही असते. पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर, हे नोंदवही सांगते. डिस्कचंही असंच. तिच्यावर मजकूर असतो आणि तो मजकूर कुठे ठेवला आहे याची नोंद वेगळ्या जागी असते. मोठी फाइल एका जागी मावत नाही, मग तिचे तुकडे होतात. ती बाहेरची डिस्क 'फॅट' नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेली होती. त्या पद्धतीत फाइलचं नाव, तिची लांबी आणि तिचा पहिला तुकडा कुठे आहे, एवढंच फोल्डरच्या यादीत लिहिलेलं असतं. पुढचा तुकडा कुठे, त्याच्या पुढचा कुठे, हे एका तक्त्यात साखळीसारखं गुंफलेलं असतं. यादीतली ती एक ओळ पुसली गेली तर सगळे तुकडे जागच्या जागी असूनही त्यांना नाव राहत नाही. पुस्तक कपाटात आहे, पण ते कोणतं आणि कुठलं हे कोणालाच माहीत नाही, अशी गत.

नोंदवही आणि कपाट यांच्यात फरक पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मध्येच वीज जाणं. पुस्तक फळीवर ठेवलं, नोंद करायची राहिली. किंवा नोंद केली आणि पुस्तक हातातच राहिलं. हा फरक शोधून मिटवणारे प्रोग्रॅम फार जुने आहेत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली घडत होती तेव्हा सुरुवातीला या कामासाठी वेगवेगळी लहान अवजारं होती आणि ती वापरणाऱ्याला डिस्कची आतली रचना बऱ्यापैकी ठाऊक असावी लागे. टेड कोवाल्स्की यांनी हे सगळं काम एका प्रोग्रॅममध्ये आणलं. तो पुढे सर्वत्र पोचला. त्याचं नाव एफएससीके. उच्चार ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार करावा. तो डिस्कवरून टप्प्याटप्प्याने फेऱ्या मारतो: एकाच जागेवर दोन फाइली हक्क सांगतात का, प्रत्येक फोल्डर कोणत्या तरी वरच्या फोल्डरशी जोडलेलं आहे का, मोजदाद जुळते का. ज्यांचं नाव-गाव लागत नाही अशा फाइली तो 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. रेल्वे स्थानकावर हरवलेल्या वस्तूंची खोली असते तसं.

या प्रोग्रॅमचा स्वभाव विचारण्याचा होता. विसंगती दिसली की तो थांबे आणि विचारे: दुरुस्त करू? हो की नाही? प्रश्न विचारणारं यंत्र आणि उत्तर देणारा माणूस एकाच खोलीत बसत असत, तोवर हे छान चाललं. पण यंत्रं वाढली. रात्री वीज जाऊन आली तर यंत्राने आपणहून पुन्हा उभं राहायला हवं, ही अपेक्षा आली. तेव्हा प्रश्नांची उत्तरं द्यायला कोणी नसे. यातून दोन वाटा निघाल्या आणि माझ्या मते या विषयातलं सगळं शहाणपण त्या दोन वाटांमधल्या फरकात आहे.

पहिल्या वाटेचं नाव बर्कलीच्या युनिक्समध्ये 'प्रीन' असं ठेवलं होतं. पक्षी चोचीने आपली पिसं सारखी करतो, त्या क्रियेचा हा इंग्रजी शब्द. या पद्धतीत प्रोग्रॅम मोजक्याच चुका आपणहून दुरुस्त करतो: अचानक वीज गेल्यावर ज्या होणारच, आणि ज्या मिटवताना काही गमावण्याचा धोका नाही, तेवढ्याच. त्यापलीकडचं काही दिसलं की तो काम थांबवतो आणि माणसाला बोलावतो. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक प्रश्नाला आधीच 'होय' सांगून ठेवणं. त्यासाठी एका अक्षराचा पर्याय आहे. त्याच्याविषयी माहितीपुस्तिकेत मात्र कडक इशारा दिलेला होता: कितीही मोठा घोटाळा समोर आला तरी पुढे जात राहण्याची ही मोकळी सूट आहे, जपून वापरा.

मी तो इशारा वाचलेला होता. फक्त तो युनिक्सच्या पुस्तिकेत होता आणि माझ्या वाचनालयांत विंडोज होतं, एवढ्या भरवशावर मी तो विसरलो.

विंडोजमध्ये हे काम 'चेकडिस्क' करतो. त्याला नुसतं बोलावलं तर तो फक्त पाहतो आणि सांगतो, कशालाही हात लावत नाही. दुरुस्तीचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. मी दर रविवारी रात्री साडेबाराला तो दुरुस्तीच्या हुकमासह चालेल अशी व्यवस्था लावली होती आणि मध्ये येणाऱ्या प्रश्नांना 'होय' असं उत्तर आपोआप जाईल, हेही पाहिलं होतं. काम संपलं की चेकडिस्क एक अंक मागे ठेवतो. ० म्हणजे चूक सापडली नाही. १ म्हणजे चुका सापडल्या आणि दुरुस्त केल्या. माझ्या संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी या दोन्हींना एकच शब्द दिला होता: 'ठीक'. त्या वेळी ते मला तर्कशुद्ध वाटलं. चुका होत्या, त्या दुरुस्त झाल्या, म्हणजे आता ठीकच की!

पाचही आठवडे तिथून १ आला होता. निरोगी डिस्कला लागोपाठ पाच आठवडे दुरुस्ती लागत नाही. एकदा १ आला तर वीज गेली असेल. दोनदा आला तर माणसाने उठून जायला हवं.

सप्टेंबरात सरांचा फोन आला. दिवाळी अंकासाठी त्यांना १९५३ सालातली काही पानं हवी होती. "अहो, त्रेपन्नचं फोल्डर दिसत नाही. चोपन्नचंही नाही. आणि हे 'फाउंड' काय आहे? मी केलेलं नाही." मी दुरून त्या संगणकात शिरलो. सालांची सगळी फोल्डरं नाहीशी झालेली. त्यांच्या जागी 'फाउंड' नावाची पाच फोल्डरं आणि त्यांत 'फाइल ००००', 'फाइल ०००१', 'फाइल ०००२' अशा दोन हजारांवर फाइली. रोज रात्री दोन वाजता दुसऱ्या एका डिस्कवर नक्कल होत असे, तिच्याकडे धाव घेतली. नक्कल तंतोतंत होती. मूळ डिस्कवर जे नाही ते नकलेतूनही काढून टाकायचं, असं मीच तिला सांगितलेलं होतं. साडेबाराला दुरुस्ती, दोन वाजता तिची इमानदार नक्कल.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि कसून तपासली. डिस्क धडधाकट होती. खराब होती ती संगणकाची रॅम, म्हणजे ज्या तात्पुरत्या स्मृतीत डिस्कवरची नोंदवही वाचायला घेतली जाते ती. रात्रभर तिची चाचणी लावली, सकाळी पडदा लाल ओळींनी भरला होता. नोंदवहीचं पान बरोबर होतं. तपासनिसाच्या चष्म्यालाच तडा गेला होता. त्याला नसलेल्या चुका दिसत होत्या आणि तो त्या मन लावून दुरुस्त करत होता. प्रत्येक दुरुस्तीने खरी चूक निर्माण होई आणि पुढच्या रविवारी तीही 'दुरुस्त' होई.

आजारी माणसाने स्वतःची नाडी पाहावी, स्वतःच औषध घ्यावं आणि वर घरच्यांना खुशालीचं पत्रही स्वतःच लिहावं, असा हा प्रकार होता. दूरच्या संगणकाच्या बाबतीत हे जवळजवळ अटळ आहे, कारण तिथे दुसरं कोणी नसतं.

'तिथे दुसरं कोणी नसणं' याचं टोकाचं उदाहरण मला पुढे वाचनात सापडलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. अमेरिकेच्या 'नासा'ची स्पिरिट ही फिरती गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. २१ जानेवारीला तिच्याशी संपर्क तुटल्यासारखा झाला. आले ते तुटक, अर्थहीन संकेत. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना कळेना की बिघाड कशात आहे. संदेश एका बाजूने जायलाच दहा मिनिटांच्या आसपास लागत होती. हळूहळू उलगडलं ते असं: गाडीची कायमची साठवण म्हणजे २५६ मेगाबाइटची फ्लॅश स्मृती. तिच्यावरच्या फाइलींची यादी जुन्या डॉस पद्धतीची होती आणि संगणक सुरू होताना ती यादी रॅममध्ये उचलून घ्यावी लागे. सात महिन्यांच्या अंतराळप्रवासातल्या फाइली तशाच पडून होत्या, त्यात मंगळावरच्यांची भर पडली. एका दिवशी यादी इतकी वाढली की तिच्यासाठी राखलेल्या जागेत ती मावेना. संगणकाने काय करावं? अशा वेळी करायला सांगितलं होतं तेच त्याने केलं: स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू होताच यादी उचलली, ती मावली नाही, पुन्हा बंद, पुन्हा सुरू. साठाहून अधिक वेळा. या धांदलीत गाडीला रात्रीची झोप मिळेना आणि बॅटरी उतरत चालली.

इथे फ्लॅश स्मृती स्वतः खराब नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आमची धडधाकट डिस्क आठवली. घात केला तो बऱ्या होण्याच्या आपोआप चालणाऱ्या प्रयत्नाने. अभियंत्यांनी तोड काढली तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. सुरू होताना फ्लॅशकडे पाहूच नकोस, रॅममध्येच तात्पुरता संसार मांड, असा हुकूम त्यांनी वरून धाडला. गाडी शांत झाली. मग पृथ्वीवरच्या माणसांनी दिवसचे दिवस घालवून तिच्या साठवणीत काय आहे ते पाहिलं, जुन्या फाइली काढल्या, हवी ती माहिती जेवढी काढता आली तेवढी काढून घेतली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती साठवण पुसून नव्याने आखली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या त्या गाडीने २०१० सालच्या मार्चपर्यंत संदेश पाठवले.

हात आखडून बसण्याचा हुकूम मंगळावरही पाळता येईल अशी सोय गाडी बनवणाऱ्यांनी आधी करून ठेवली होती, याचं मला अधिक कौतुक वाटतं. माझ्या व्यवस्थेत 'थांब' हा शब्दच नव्हता.

गेल्या दोन-तीन दशकांत फाइलींची व्यवस्था रचणारे लोक याच दिशेने सरकलेले दिसतात. आता बहुतेक पद्धतींत बदल करण्याआधी तो एका रोजकीर्दीत टिपून ठेवतात, त्यामुळे वीज गेली तर ती कीर्द वाचून काम भागतं आणि अख्ख्या डिस्कची फेरी वाचते. २०१२च्या विंडोज ८ मध्ये तपासणी आणि दुरुस्ती यांची फारकत केली गेली. संगणक चालू असतानाच चुका शोधून टिपून ठेवायच्या आणि दुरुस्ती नंतर, नेमकी टिपलेल्या जागीच करायची. सन कंपनीने २००५ साली बाहेर काढलेल्या झेडएफएस या पद्धतीत तर एफएससीकेसारखा प्रोग्रॅमच नाही. तिथे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा ताळा काढून तो दुसरीकडे लिहून ठेवतात. शाळेत गणिताचा ताळा पाहायचो तसाच. वाचताना ताळा जुळला नाही तर तुकडा बिघडला असं समजायचं आणि दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत असेल तर ती आणायची. फरक लक्षात घ्या: चेकडिस्क नोंदवहीचा मेळ घालतो, मजकूर बरोबर आहे की नाही हे त्याला कळतच नाही. ताळा थेट मजकुराची साक्ष देतो. एकाच डिस्कवर एकच प्रत असेल तर मात्र ताळासुद्धा फक्त 'बिघडलं' एवढंच सांगू शकतो.

डिस्क मरणार हे आधी कळावं म्हणून डिस्कमध्येच स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवण्याची सोय असते. तिच्यावर माझा फार विश्वास होता. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो वाचल्यावर विश्वास बेताचा झाला. वाचनातली पहिली विशिष्ट चूक दिसल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे लक्षण दिसलं तर ते गंभीर. पण मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखवलं नव्हतं. निरोप आला नाही याचा अर्थ सगळं क्षेम आहे असा होत नाही.

दूरच्या दुरुस्तीची आणखी एक मर्यादा जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिली. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष फाइलीने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवत अडकले. विषय डिस्कचा नव्हता, पण उपाय डिस्कपाशीच होता: ती एक फाइल काढून टाकणं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी माणसाला यंत्रासमोर जाऊन उभं राहावं लागलं. जो संगणक सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत दुरून दिलेला हुकूम पोचणार कसा?

आता मी काय करतो ते थोडक्यात. रविवारी रात्री नऊही संगणक डिस्क फक्त पाहतात. हात लावत नाहीत. जो अंक येतो तो जसाच्या तसा कळवतात. स्कॅन केलेल्या प्रत्येक पानाचा ताळा माझ्या घरी वेगळ्या यंत्रावर ठेवलेला आहे आणि नक्कल घेण्याआधी शंभरातली थोडी पानं त्याच्याशी पडताळली जातात. न जुळणारी दिसली की नक्कल थांबते. नक्कल जुनं पुसत नाही, जुनं बाजूला ठेवून नवं घेते. यात जागा फार जाते. वाचनालयाचे कार्यवाह दर वर्षी विचारतात की इतक्या डिस्का कशाला, आणि मी दर वर्षी 'फाउंड'ची गोष्ट सांगतो. दुरुस्तीचा हुकूम मी स्वतः देतो, रॅमची चाचणी झाल्यावर, आणि आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून. सोमवारी सात वाजेपर्यंत एखादा संदेश आलाच नाही तर फोन करतो. बहुतेक वेळा ग्रंथपाल बाई म्हणतात, "लाइट नाही हो रात्रीपासून."

रोजनिशांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. 'फाइल ००००' असं नाव असलेल्या फाइलींना चित्राच्या फाइलीचं शेपूट लावलं की पान उघडत होतं. एकशे बारा पानं कायमची गेली. बाकीची होती, पण क्रमाविना. मला वाटलं होतं की आकड्यांचा क्रम हाच पानांचा क्रम असेल. थोडा होताही, दहा-पंधरा पानं सलग लागत आणि मग सात वर्षांची उडी. डिस्क पूर्वी अनेकदा भरून रिकामी केलेली, धूसर आलेली पानं पुन्हा स्कॅन केलेली, त्यामुळे ओळ तुटलेली. आणि कीर्तनकारबुवा तारीख लिहीत नसत. तिथी आणि वार लिहीत. साल फक्त वहीच्या पुठ्ठ्यावर आणि फोल्डरच्या नावात होतं. पुठ्ठ्यांचीही चित्रं सापडली, पण सुटी.

सरांनी जुनी पंचांगं गोळा केली. एखादी तिथी अमुक वारी आली अशी वर्षं सव्वीसांत तीन-चारच निघतात. मग मजकुरावरून ठरवायचं. पानशेतचं धरण फुटल्याची बातमी आहे, म्हणजे १९६१. पहाटे घर हललं, भांडी पडली, कोयनेकडे फार नुकसान झाल्याचं कळलं, म्हणजे डिसेंबर १९६७. एका पानाचं साल लागलं की त्याच्या पुढचं-मागचं पान शाईवरून आणि वाक्य जिथे तुटलं तिथून जुळवता येतं. हे काम यंत्राला देता येईल का, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "बघा बुवा. पण या वेळी 'होय' मला विचारून म्हणायला सांगा त्याला."

तीन वर्षं झाली. बहुतेक पानं आपापल्या सालात गेली आहेत. एकसष्ट अजून राहिली आहेत. त्यांचं फोल्डर सरांनी वेगळं ठेवलंय आणि नावं बदललेली नाहीत. 'फाइल ०४१७' मी परवा पुन्हा उघडून पाहिली. पानाचा वरचा भाग आलेलाच नाही, त्यामुळे तिथी नाही. खाली एकच ओळ शाबूत आहे. दिवसभर पाऊस होता, विशेष काही घडलं नाही, अशी.